बॉयलर शेवटचा कोणी बंद केला?

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा एम्पथी येते. येते म्हणजे तिची कार्यशाळा असते. भिंतीवर मोठा कागद चिकटवतात, त्याचे चार चौकोन करतात: युजर काय म्हणतो, काय विचार करतो, काय करतो आणि त्याला काय वाटतं. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या जातात. मागच्या वेळी आमचा युजर होता 'छोट्या शहरातला पंचेचाळीस वर्षांचा दुकानदार'. खोलीत आम्ही नऊ जण, त्यातला एकही कधी गल्ल्यावर बसलेला नाही. तीन तासांनी ठरलं की दुकानदाराला ॲप उघडल्यावर 'दडपण' येतं. पिवळी चिठ्ठी लागली, टाळ्या झाल्या, समोसे आले. ते समोसे ज्याच्या दुकानातून आले तो आमच्या इमारतीच्या खालीच बसतो, वयही साधारण पंचेचाळीसच असेल. त्यालाच जाऊन विचारू या, असं मी सुचवलं होतं. पण अजेंड्यात तेवढा वेळ नव्हता.

मला या प्रकाराची चेष्टा करायची नाही. कोणीतरी निदान कागदावर तरी दुसऱ्याचा विचार करतंय, हे वाईट नाही. पण 'दुसऱ्याला काय वाटतं ते ओळखणं' म्हणजे बंद खोलीत बसून नीट कल्पना करणं, ही समजूत फक्त ऑफिसात नाही, घराघरात आहे. 'मी तिच्या जागी असतो तर' हे वाक्य आपण सहज म्हणतो. त्या वाक्यातली गोम अशी की तिच्या जागेवर जाऊन बसतो तो शेवटी मीच. माझे पाय, माझी भीती, माझा बँक बॅलन्स, सगळं बरोबर घेऊन.

या शब्दाचा इतिहासही मजेशीर आहे. 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचाही नाही. १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 'आइनफ्युलुंग' या जर्मन शब्दासाठी तो बनवला. तो जर्मन शब्द आला होता सौंदर्यशास्त्रातून. एखादं चित्र, शिल्प, खांब बघताना माणूस स्वतःला त्यात कसा ओततो, याबद्दलचा तो विचार होता. म्हणजे सुरुवात निर्जीव वस्तूंपासून झाली. वस्तू आपल्याला कधी उलट सांगत नाही की 'बाबा, मला असं काही वाटत नाहीये'. माणूस सांगू शकतो, जर त्याला विचारलं तर.

मराठीत आपण या शब्दाला 'समानुभूती' म्हणतो, कोणी 'सह-अनुभूती' म्हणतं. दोन्ही शब्द परीक्षेच्या पेपरात शोभतात, तोंडात बसत नाहीत. तोंडात बसतात ते कळवळा, कणव, माया, जीव तुटणं, पोटात कालवणं. आणि त्यांच्या बाजूला, नको असलेल्या पाहुण्यासारखा बसलेला शब्द: कीव. शिवाय आपल्याकडे एक म्हण आहे जी या सगळ्या प्रकल्पावरच पाणी ओतते. ज्याचं जळतं त्याला कळतं. ही म्हण शंभर टक्के खरी मानली तर कोणीच कोणाला समजून घेऊ शकत नाही, मग लग्न, मैत्री, आईबाप, सगळं गुंडाळून ठेवायचं. खोटी मानली तर आपण 'मला कळतंय तुला काय वाटतंय' असं बिनदिक्कत म्हणत सुटायचं. या दोन टोकांच्या मध्ये माणसं नेमकं काय करतात, ते मी पाहिलं ते आमच्या रसायनीत. दोनदा.

रसायनी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेलं, नावातच रसायन असलेलं गाव. खरं तर हे गावाचं नाव नाही. गावं आहेत मोहोपाडा, वासांबे वगैरे. १९६० साली केंद्र सरकारची हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली, तिचा कारखाना इथे आला, मागोमाग खासगी कारखाने आले, एमआयडीसी आली. भोंगा, शिफ्ट, कॉलनी, कंपनीची बस यांवर दोन पिढ्या जगल्या. आमच्याकडे अजूनही 'ते काय करतात?' या प्रश्नाचं उत्तर 'कंपनीत आहेत' एवढंच असतं.

२०१७ मध्ये सरकारने एचओसीचा इथला बहुतेक कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारं रसायन बनवणारा एक प्लांट तेवढा इस्रोकडे द्यायचं ठरलं. माझे बाबा एचओसीत नव्हते, एका छोट्या खासगी कंपनीत बॉयलरवर होते. पण त्याच सुमाराला त्यांच्याही कंपनीने युनिट बंद केलं. हिशेब मिळाला, उशिरा का होईना. बाबा बावन्न वर्षांचे होते. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला.

बाबा पहिल्या शिफ्टला जायचे, त्यामुळे पहाटे पाचला उठायची सवय होती. कंपनी बंद झाली तरी पाचला उठायचे, दाढी करायचे, आणि मग खुर्चीवर बसून राहायचे. रडले नाहीत, चिडले नाहीत, दारू प्यायले नाहीत. नुसते बसायचे. नातेवाईक यायचे. 'पैसे मिळाले ना, मग काय!' 'आता आराम करा.' 'होतं ते चांगल्यासाठीच.' एका काकांनी तर म्युच्युअल फंडाचा फॉर्मच आणला होता. आई म्हणायची, 'बोला की काहीतरी.' बाबा म्हणायचे, 'काय बोलू?' हे खरं तर अगदी सरळ उत्तर होतं, पण आम्हाला ते भिंतीसारखं वाटायचं.

मी त्यांचा बायोडेटा करून दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल इन्स्टाग्रामवर सगळीकडे एकच शिकवण असते की समोरचा दुःखात असेल तर उपाय सुचवू नका, फक्त ऐका. मला हे अर्धवट वाटतं. बावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाला नोकरीही हवी असते. पुढे सात महिन्यांनी खोपोलीला त्यांना काम मिळालं ते त्याच बायोडेट्यावर. त्यामुळे उपाय सुचवणाऱ्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. पण त्या सात महिन्यांतले पहिले दोन महिने बाबांना ज्याने उभं ठेवलं ते बायोडेट्याने नाही.

बाबांच्याच शिफ्टला फिटर असलेले एक काका आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. त्यांचीही नोकरी गेली होती. ते रोज साडेपाचला सायकल घेऊन दारात यायचे आणि घंटी वाजवायचे. आत यायचे नाहीत. बाबा आपली सायकल काढायचे आणि दोघं नदीकडे जायचे. सातला परत. आई विचारायची, काय बोललात? काही नाही. असं पाचसहा आठवडे चाललं. आईला वाटायचं, हे दोन मुके मिळून आणखी खोलात जाणार.

एका सकाळी पाऊस होता म्हणून काका आत आले. मी सुट्टीला घरी होतो. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, 'बॉयलर शेवटचा कोणी बंद केला रे?'

बाबा म्हणाले, 'मी.'

आणि मग ते दीड तास बोलत होते. आग काढून घेतल्यावर बॉयलर लगेच मरत नाही. दाब हळूहळू उतरू द्यावा लागतो, घाई केली तर धातूला तडा जातो. पाण्याची पातळी सांभाळत बसावं लागतं. दाब अगदी खाली आला की वरचा व्हेंट उघडायचा, नाहीतर आतली वाफ निवून पोकळी तयार होते. शिफ्ट संपली होती, बस सुटून गेली होती, वरच्या कोणी थांबायला सांगितलंही नव्हतं. तरी बाबा गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत तिथेच बसले होते. 'आवाज बंद झाला ना,' ते म्हणाले, 'तेव्हा कळलं की सव्वीस वर्षं किती आवाज होता.' मग ते मुख्य गेटपर्यंत चालत आले. गेटवर सही करायची वही उचलून नेली होती, त्यामुळे आऊट टाइम लिहायला जागाच नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज गेला. मला वाटतं ते सगळ्यात जास्त त्या वहीवरून तुटले होते.

मी या प्रश्नाचा खूप विचार केला आहे. 'कसं वाटतंय?' हा प्रश्न बाबांना दोन महिने सगळे विचारत होते. त्याचं उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. बॉयलरवर काम करणाऱ्या त्यांच्या पिढीच्या पुरुषाकडून तशी अपेक्षा कोणी कधी केलीच नव्हती. 'बॉयलर कोणी बंद केला?' याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. तो प्रश्न सुचायला काकांना बॉयलरही माहीत असावा लागला आणि बाबाही. शिवाय पाचसहा आठवडे गप्प सायकल चालवावी लागली. त्यातलं काहीही त्यांनी कुठल्या कार्यशाळेत शिकलेलं नव्हतं.

दुसरी वेळ सगळ्यांना माहीत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमच्याकडे त्या दिवसांत पाताळगंगा तुडुंब होती, आपट्याकडच्या बातम्या येत होत्या, सगळ्यांचं लक्ष नदीकडे. डोंगराकडे कोणी बघत नव्हतं. सकाळी उठलो तेव्हा फोनवर एकच नाव होतं. वाडी चौकच्या वर, रस्ता नाही, पायवाटेची चढण. जेसीबी वर जाऊ शकत नव्हता, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. एनडीआरएफचे जवान आणि आसपासचे ट्रेकर्स फावड्यांनी चिखल उपसत होते. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांनी, २३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं मिळालीच नाहीत. ती अजून तिथेच आहेत.

पॉल ब्लूम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये एम्पथीच्या विरोधात एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की ही भावना बॅटरीच्या झोतासारखी आहे, जिथे झोत पडतो तेवढंच दिसतं, आणि झोत बहुतेक आपल्यासारख्यांवर, आपल्या ओळखीच्यांवर पडतो. मला पुस्तकातलं सगळं पटत नाही, पण इर्शाळवाडीच्या वेळी हे डोक्यातून जाईना. ही ठाकरांची वाडी शेकडो ट्रेकर्सना माहीत होती. नेढ्यात बसून काढलेले फोटो मुंबई-पुण्याच्या किती फोनांत असतील. दरडीनंतर झोत इतका प्रखर होता की बघ्यांना आवरायला जमावबंदी लावावी लागली. दरडीआधी मात्र धोकादायक गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं. आजारी माणसाला झोळीतून खाली आणावं लागणाऱ्या वाड्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांत अजून आहेत. त्यांच्यासाठी आज रात्री कोणाच्या पोटात कालवत नाही. कालवलं तरी रस्ता काही पोटात कालवून होत नाही, त्याला फाईल लागते.

आमच्या कॉलनीतही मदत गोळा झाली. व्यायामशाळेसमोर दोन दिवसांत कपड्यांचा ढीग लागला. लोकांनी मनापासून दिलं, यात शंका नाही. पण त्या ढिगात जीन्स होत्या, नाइटड्रेस होते, एक जरीची शेरवानीही होती. देणाऱ्याने कल्पना केली होती: माझं घर गेलं तर मला काय लागेल? कपडे! आणि मग स्वतःचं कपाट उघडलं होतं. आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने वेगळी गोष्ट केली. चौकला तिची एक माजी विद्यार्थिनी मदतीच्या कामात होती, तिला फोन लावून विचारलं, 'काय नको आहे आणि काय हवं आहे?' दोन मिनिटांत उत्तर आलं. वरचे कपडे पुरे झाले. आतले कपडे हवेत, पॅड हवेत, झाकणाच्या बादल्या हव्यात. आणि कुलुपं. माणसं आता अनोळखी ठिकाणी राहणार आहेत आणि हातात थोडी कागदपत्रं, थोडे पैसे आले आहेत, ते ठेवणार कुठे? कुलपाची कल्पना आमच्यापैकी कोणालाही बसल्या जागी सुचली नसती.

शिकागोचे निकोलस एपली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांवर आधारलेला एक शोधनिबंध छापला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून बघा, असं सांगितल्यावर माणसं दुसऱ्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखतात का? नाही ओळखत. आणि त्याच माणसाशी बोलून विचारलं तर? तर ओळखतात. एवढं साधं. आमच्या बाईंनी हा निबंध वाचलेला नाही. समोशाच्या दुकानात उतरायला आम्हाला वेळ नव्हता, तो या निबंधाने वसूल केला म्हणायचा.

इथे एक अडचण आहे, ती सांगायला हवी. विचारणं म्हणजे टीव्हीवाल्यांचं विचारणंही असतं. ढिगाऱ्याशेजारी उभ्या माणसासमोर माईक धरून 'आपल्याला आता काय वाटतंय?' त्यातही प्रश्नचिन्ह आहेच. म्हणून मला आपल्या जुन्या रीती फार शहाण्या वाटतात. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात घेऊन येतात. गावाकडे त्या पहिल्या जेवणाला कडू घास म्हणतात. तिथून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठून निघायचं. काय बोलायचं हे कोणालाच कळत नसतं, म्हणून न बोलायची सोय करून ठेवली आहे. रीत पाळणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कळवळा असेलच असं नाही, कदाचित तो घड्याळ बघत असेल. पण जेवण पोचतं.

माझ्या धंद्यात याच्या नेमकं उलट चालतं. एका क्लायंटसाठी आम्ही ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणारा बॉट केला. आदेश होता की प्रत्येक उत्तराची सुरुवात समानुभूतीने झाली पाहिजे. 'तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकतो.' यात नवीन काही नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला, जो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. त्याच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, हे सगळं कसं चालतं ते माहीत असूनही, एलायझाशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. माणसाला ऐकून घेणाऱ्याची इतकी भूक असते. आमच्या बॉटला मात्र एका ग्राहकाने मराठीत लिहिलं होतं, 'समजू नका, रिफंड कधी येणार ते सांगा.' मी ते वाक्य टीमच्या ग्रुपवर टाकलं. सगळे हसले. ती ओळ अजून तशीच आहे.

आमच्या दारावर पावसाळ्यात रानभाज्या घेऊन एक ठाकरीण येते. मी शाळेत होतो तेव्हापासून येते. जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोळी. आई तिला मावशी म्हणते, ती आईला ताई. २० जुलैला आईने टीव्ही बघता बघता विचारलं, 'मावशीची वाडी कुठली?' कोणालाच माहीत नव्हतं. मावशी डोंगरातून येते एवढंच. आई पुढचे पंधरा दिवस सकाळी दारातच भाजी निवडत बसायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मावशी आली. टोपलीत कंटोळी होती. आईने टोपलीला हातच लावला नाही, आधी पाणी दिलं, मग चहा, आणि जमिनीवर तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, 'तिथं कोणी होतं का हो तुमचं?'

'भाची दिली होती,' मावशी म्हणाली.

आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, 'नाव काय तिचं?'

मावशीने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग तिने भाचीचं बरंच काही सांगितलं. लहानपणी कुठल्या झाडावरून पडली होती, तिला करवंदं किती आवडायची, नाचणीची भाकरी तिच्यासारखी कोणाची होत नसे, लग्नात किती पाऊस होता. दरडीबद्दल एक शब्द नाही. आई मध्ये मध्ये नुसतं 'हो का' म्हणत होती. एकदा फक्त विचारलं, 'भाकरी हातावर थापायची की परातीत?' मावशी म्हणाली, हातावर. आणि करून दाखवली, रिकाम्या हातांनी.

वाचलेल्या माणसांना आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि पक्क्या घरांचं काम सिडकोकडे दिलं. मावशीची वाडी वेगळी, ती आहे तिथेच राहते. आईला आता त्या वाडीचं नाव माहीत आहे, आणि पाऊस जास्त झाला की ती ते नाव घेऊन मला विचारते, तिकडे काही झालं नाही ना. मी फोनवर शोधून सांगतो.

या जूनमध्ये मावशी शेवळं घेऊन आली तेव्हा मी घरून काम करत होतो. दारात नेहमीसारखं जुंपलं होतं. मावशी वाट्याला ऐंशी म्हणत होती, आई पन्नासच्या वर सरकत नव्हती. मला जरा लाज वाटली. ती गेल्यावर म्हणालो, 'अगं, तिच्याशी तरी भाव कशाला करतेस?'

'केला नाही तर तिला वाटेल मी तिची कीव करते,' आई म्हणाली आणि शेवळं धुवायला घेतली. वाटा साठाला ठरला होता. मावशीने काकडं मोजून दिली होती आणि आईने टोपलीतून आणखी दोन उचलून घेतली होती.